आयरिश सोडा ब्रेड घरच्या घरी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळ्या पायऱ्या

आयर्लंडमध्ये नव्याने आलेली मराठी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. इथे सूपबरोबर जो जाड कापांचा, खरपूस कडांचा, किंचित आंबूस ब्रेड मिळतो, तो घरी करता येतो का? येतो, आणि फार छान होतो. त्याला यीस्ट लागत नाही, पीठ फुगायची वाट बघावी लागत नाही, मिक्सर लागत नाही. पीठ, मीठ, खायचा सोडा आणि ताक या चार वस्तू लागतात. वेळ तासाभराचा, आणि त्यातलं हातांचं काम जेमतेम दहा मिनिटांचं. पुण्या-नाशकातल्या मैत्रिणीही विचारत असतात, म्हणून दोन्हीकडे मिळणाऱ्या सामानाचा विचार करून लिहिते आहे.

इतका सोपा असूनही पहिला ब्रेड बऱ्याच जणांचा घट्ट बसतो. आपले हात पोळ्यांच्या कणकेवर तयार झालेले असतात ना! पीठ भिजलं की आपण मळायला लागतो, तेलाचा हात लावून पुन्हा मळतो, मग झाकून मुरायला ठेवतो. या ब्रेडला यातलं काहीही चालत नाही. पीठ मळायचं नाही आणि थांबायचं नाही, एवढं जमलं की ब्रेड जमला.

हा ब्रेड असा का?

घाई असेल तर थेट पहिल्या पायरीवर जा. पण कारण माहीत असलं की हात आपोआप नीट चालतो, म्हणून मी म्हणेन हे वाचाच.

आयर्लंडची हवा थंड आणि दमट. अशा हवेत येणारा गहू मऊ असतो, त्यात प्रथिनं कमी. यीस्टच्या ब्रेडसाठी पीठ चिवट लागतं, कारण यीस्ट तासन्‌तास थोडा थोडा वायू सोडत राहतं आणि तो कोंडून धरायला ग्लुटेनचं, म्हणजे पिठातल्या चिवट प्रथिनांचं, मजबूत जाळं हवं. मऊ गव्हात ते जाळं तसं तयार होत नाही. शिवाय खेड्यातल्या गरीब घरात ओव्हन नसायचाच. चुलीत टर्फ जळायचं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेले पीटचे तुकडे, आणि वर आकड्याला बिडाची भांडी टांगलेली असायची.

१८३० च्या दशकात खायचा सोडा स्वस्तात मिळू लागला. घरोघरी लोणी काढलं जात असल्यामुळे आंबट ताक घरात होतंच. ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो तासाभराने नाही तर त्याच क्षणी. नोव्हेंबर १८३६ मध्ये लंडनच्या एका शेतकी मासिकाने आयर्लंडच्या काउंटी डाउन जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रातली सोड्याच्या ब्रेडची कृती छापली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ब्रेड आयर्लंडच्या खेडोपाडी रोजच्या जेवणातला झाला. तो भाजायचे बास्टिबलमध्ये. बास्टिबल म्हणजे सपाट बुडाचं, तीन आखूड पायांचं, झाकण असलेलं बिडाचं भांडं. भांड्याखाली विस्तव आणि झाकणावर निखारे, की झाला ओव्हन.

या सगळ्याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. वायू लगेच तयार होतो आणि लगेच निसटायला लागतो, म्हणून ताक घातल्यापासून ब्रेड ओव्हनमध्ये जाईपर्यंत रेंगाळायचं नाही. आणि जाळं मजबूत नको असल्यामुळे मळायचं नाही. मळलं तर पीठ चिवट होतं, त्याला वर ढकलण्याइतका जोर सोड्यात नसतो, आणि ब्रेड बसतो.

१. आधी सगळं सामान ओट्यावर काढा

एका मध्यम गोल ब्रेडसाठी:

- मैदा किंवा प्लेन फ्लोअर: ४५० ग्रॅम
- खायचा सोडा: १ चहाचा चमचा, सपाट (साधारण ५ ग्रॅम)
- मीठ: १ चहाचा चमचा, सपाट
- घट्ट आंबट ताक: ३५० ते ४०० मिलिलिटर

वजनकाटा, बारीक चाळणी, मोजायचे चमचे, मापाचं भांडं, धारदार सुरी, ओव्हनचा ट्रे, गार करायला जाळी आणि स्वच्छ सुती पंचा काढून ठेवा. पीठ कालवायला परातीसारखं दुसरं भांडं नाही. हात मोकळा फिरायला रुंदी लागते, खोल वाडग्यात पीठ कडेला अडकतं आणि नको तितकं ढवळलं जातं. सामानाच्या पेटीत परात आणली असेल तर ती इथे कामाला येईल.

पीठ वजनानेच घ्या. वाटी दाबून भरली की सैल भरली यात बराच फरक पडतो, आणि या ब्रेडमध्ये ओलं-कोरडं प्रमाण बिघडलं तर नंतर दुरुस्त करायला वेळ नसतो. सोड्याचा चमचा भरला की वरून सुरीची पाठ फिरवून सपाट करा.

२. सोडा नक्की कोणता?

आयर्लंडमध्ये दुकानात खायचा सोडा ‘ब्रेड सोडा’ या नावाने मिळतो. शेजारीच बेकिंग पावडरचा डबा असतो आणि नवीन माणूस तोच उचलतो. बेकिंग पावडरीत सोड्याबरोबर कोरडं आम्लही आधीच मिसळलेलं असतं. ती वापरली तर ब्रेड फुगतो, पण ताकाची आंबटी मोडत नाही आणि ती खास चव येत नाही.

महाराष्ट्रात वेगळी काळजी घ्यावी लागते. वाण्याकडे सुटा सोडा मागताना खायचा सोडा असं स्पष्ट सांगा. धुण्याचा सोडा वेगळा असतो, तो पोटात जाता कामा नये. पापडखार इथे चालत नाही. ईनोही नको, त्यात सायट्रिक आम्ल असतं, त्यामुळे बेकिंग पावडरीसारखंच होतं.

सोडा बरेच महिने उघडा राहिला असेल तर तपासून घ्या. चमचाभर लिंबाच्या रसात चिमूटभर टाका. जोरात फेसाळला तर चांगला आहे. नुसते दोन-चार बुडबुडे आले तर नवीन आणा.

३. ताक: इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो

कृतीत बटरमिल्क लिहिलेलं असतं आणि आपण म्हणतो, म्हणजे ताक. पण आपण जेवणानंतर पितो ते ताक पातळ असतं, त्यात पाणी निम्म्याहून जास्त. त्याची आंबटी सोड्याला पुरत नाही. उरलेला सोडा ब्रेडमध्ये तसाच राहतो, ब्रेड पिवळट पडतो आणि त्याला साबणासारखी चव येते. लोक सोड्याला दोष देतात, पण चूक ताकाची असते.

आयर्लंडमध्ये असाल तर प्रश्नच नाही. फ्रिजमधल्या दुधाशेजारी बटरमिल्कचे खोके असतात, ते आणा. ते ओतताना दुधापेक्षा जाड धार पडते आणि वास स्वच्छ आंबूस येतो.

घरी साय साठवून लोणी काढत असाल तर तुमच्याकडे अस्सल वस्तू आहे. आयर्लंडच्या घरांत जे वापरलं जायचं ते हेच, लोणी काढून उरलेलं ताक. फक्त लोणी जमावं म्हणून आपण त्यात गार पाणी घालतो, त्यामुळे ते पातळ झालेलं असतं. अशा ताकात दोन-तीन मोठे चमचे आंबट दही घुसळून टाका.

यातलं काहीच नसेल तर दोन दिवसांचं आंबट दही २५० ग्रॅम आणि दूध किंवा पाणी १५० मिलिलिटर रवीने एकजीव करा. मला हे मिश्रण फार आवडतं, चव भरून येते. घाईत दूध आणि लिंबूही चालतं: ४०० मिलिलिटर दुधात दोन मोठे चमचे लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवलं की ते किंचित फुटतं. पण त्याला दह्याची गोलाई नाही, म्हणून तो शेवटचा उपाय.

पिशवीतलं तयार ताक आणणार असाल तर मागचं लेबल वाचा. बऱ्याच ताकात मीठ, जिरं, हिंग असतं. हिंगाच्या वासाचा सोडा ब्रेड कुणालाच नको असतो.

४. पीठ

आयर्लंडमध्ये साधं पांढरं मऊ पीठ ‘क्रीम फ्लोअर’ किंवा ‘प्लेन फ्लोअर’ नावाने मिळतं. हवं ते हेच. क्रीम फ्लोअरमध्ये क्रीम वगैरे काही नसतं. ‘स्ट्राँग फ्लोअर’ घेऊ नका, ते यीस्टच्या ब्रेडचं, जास्त प्रथिनांचं. ‘सेल्फ-रेझिंग’ही नको, त्यात फुगवणारे क्षार आधीच मिसळलेले असतात.

भारतात आपला साधा मैदा चालतो. नुसत्या कणकेचा ब्रेड मात्र करू नका, निदान पहिल्यांदा तरी नको. चक्कीवर गहू बारीक आणि जोरात दळला जातो, ते पीठ पाणी खूप पितं आणि चटकन चिवट होतं. आयर्लंडच्या होलमील पिठात कोंड्याचे जाड कण दिसतात. तपकिरी ब्रेडचा रवाळपणा त्यांचाच. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

५. ओव्हन आधी तापवा, मग पिठाला हात लावा

हा क्रम उलटा करू नका. पीठ कालवून झाल्यावर ओव्हन लावला तर तो तापेपर्यंत अर्धा वायू उडून गेलेला असतो.

साध्या ओव्हनला २३० अंश सेल्सियस, पंखा असलेल्या ओव्हनला २१०. आयर्लंडमधल्या भाड्याच्या घरांत ओव्हनच्या बटणावरची चिन्हं पुष्कळदा पुसून गेलेली असतात. तेव्हा ओव्हन चालू करून आत पंख्याचा आवाज येतो का ऐका. आकड्यांवर भरवसा नसेल तर आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेऊन ठेवा, पुढेही कामी येतो.

घरी ओटीजी असेल तर वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून २० मिनिटं तापवा. लहान ओटीजीत पूर्ण मापाचा ब्रेड वरच्या रॉडच्या फार जवळ येतो, वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. तिथे सगळं प्रमाण निम्मं करा. मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोडही चालतो. त्याचं तापमान जास्तीत जास्त जितकं जातं तितकं ठेवा आणि भाजायला पाच-दहा मिनिटं जास्त धरा. नुसत्या मायक्रोवेव्हवर हा ब्रेड होत नाही.

ट्रेवर थोडा मैदा भुरभुरवून तयार ठेवा. तेल-तूप लावायची गरज नाही.

६. कोरडं कालवणं

मैदा आणि मीठ परातीत चाळून घ्या. सोड्यासाठी मी एक छोटी युक्ती सांगते, ती मला आमच्या शेजारच्या आयरिश बाईंनी दाखवली. त्या सोडा थेट पिठात टाकत नाहीत. आधी डाव्या तळहातावर घेतात, उजव्या अंगठ्याने दाबत दाबत पसरतात आणि एकही गुठळी राहिली नाही हे बोटाला कळलं की मगच चाळणीत झटकतात. आयर्लंडसारख्या दमट हवेत सोड्याच्या बारीक गाठी होतातच, आणि आपल्याकडे पावसाळ्यात होतात. तशी गाठ ब्रेडमध्ये राहिली तर तिथे तपकिरी ठिपका पडतो आणि तो घास कडवट लागतो.

आता कोरड्या हाताने सगळं खालीवर करा, पीठ उचलून वरून खाली पडू द्या. सोडा सगळीकडे सारखा पसरला पाहिजे, कारण ताक घातल्यावर ढवळून तो पसरवायची संधी मिळणार नाही.

७. ताक घालणं: खरी पायरी हीच

पिठाच्या मध्ये खळगा करा. ४०० मधलं थोडं ताक बाजूला ठेवून बाकीचं एकदम ओता. चमचा-चमचा घालत बसू नका. पोळ्यांसाठी आपण थोडं थोडं पाणी घालत पीठ गोळा करतो. इथे तसं केलं की आधी भिजलेला भाग मळला जातो आणि बाकीचं पीठ कोरडंच राहतं.

एकच हात वापरा, दुसरा कोरडा राहू द्या. बोटं फाकवून ताठ ठेवा, मूठ करू नका, तळवा टेकवू नका. खळग्याच्या मध्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने मोठे होत जाणारे गोल फिरवत या. पाच-सात फेऱ्यांत बोटं परातीच्या कडेला पोचतात आणि पीठ ओबडधोबड एकत्र आलेलं असतं. कुठे कोरडं पीठ दिसलं तर तिथे राखून ठेवलेल्या ताकातलं थोडं शिंपडा आणि अजून एखादी फेरी मारा. बस्स. इथे थांबायचं.

या क्षणी पीठ बघून तुम्हाला वाटेल की हे झालंच नाही. ते खडबडीत दिसतं, हाताला चिकटतं, गुळगुळीत गोळा झालेला नसतो. तसंच हवं. थालीपिठाचं पीठ थापण्याआधी जितकं मऊ असतं, साधारण तितकं हे मऊ असावं. पोळ्यांच्या कणकेइतकं घट्ट वाटलं तर ताक कमी पडलं आहे. परातीत पसरत असेल तर जास्त झालं, अशा वेळी वरून मूठभर मैदा भुरभुरवा, पण मिसळण्यासाठी मळू नका.

गुळगुळीत करायचा मोह फार होतो. वर्षानुवर्षं पोळ्या केलेल्या हाताला खडबडीत गोळा सोडून देणं जड जातं. पण ब्रेड हलका होतो तो इथेच, हात मागे घेतल्यामुळे.

८. आकार आणि फुली

हात धुऊन पुसा, कोरड्या मैद्यात बुडवा. ओट्यावर मैदा पसरून गोळा त्यावर अलगद उलटा. कडा खाली वळवत एकदा फिरवून घ्या, म्हणजे वरची बाजू जरा नीट दिसेल. पुन्हा पलटी मारू नका. वरून हलक्या हाताने थोपटून साधारण ४ सेंटिमीटर जाडीचा गोल करा. यापेक्षा उंच ठेवलात तर मधला भाग शिजायला वेळ लागतो.

ट्रेवर ठेवून सुरीने मोठी फुली मारा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ती वरवरची रेघ नको, निम्म्याहून जास्त खोल चिरायचं. आयर्लंडमध्ये म्हणतात की ब्रेडमधल्या पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी, म्हणून काही जणी चारही तुकड्यांच्या मध्ये सुरीचं टोकसुद्धा टोचतात. कुणी तो ख्रिस्ताचा क्रूस मानतं. मला ही दोन्ही कारणं मनापासून आवडतात, आणि तिसरं कारण ओव्हनचं आहे: फुलीतून उष्णता मध्यापर्यंत जाते आणि ब्रेडला फुलायला जागा मिळते. फुली नसेल तर तो कडेने वेडावाकडा फाटतो. शिवाय भाजल्यावर हाताने चार सरळ भाग तोडता येतात.

ताक घातल्यापासून इथवर पाच मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. आता सरळ ओव्हनमध्ये.

९. भाजणं

मधल्या खणात २३० अंशांवर १५ मिनिटं. मग ओव्हन न उघडता तापमान २०० वर आणा (पंखा असेल तर १८०) आणि आणखी २५ ते ३० मिनिटं ठेवा. निम्म्या मापाच्या ब्रेडला २२० अंशांवर १० मिनिटं आणि मग २०० वर २० ते २५ मिनिटं पुरतात. वरून फार लाल होतोय असं वाटलं तर शेवटची दहा मिनिटं ॲल्युमिनियम फॉइल नुसती वर ठेवा.

झाला की नाही हे रंगावरून ठरवू नका. जाड पंच्याने धरून ब्रेड उलटा करा आणि बुडावर बोटाच्या पेराने ठोका. पोकळ आवाज आला तर झाला. भरीव, दबका आवाज आला तर ट्रेवर उलटाच ठेवून पाच मिनिटं आणखी भाजा आणि पुन्हा ठोका. फुलीच्या तळाशी ओलसर, चकचकीत पीठ दिसत असेल तरी परत आत.

बिडाचं जाड झाकणाचं भांडं असेल तर एकदा त्यात करून बघा. भांडं ओव्हनमध्येच तापवायचं, ब्रेड आत ठेवून झाकण लावायचं, अर्ध्या तासाने झाकण काढून दहा-पंधरा मिनिटं रंग येऊ द्यायचा. बास्टिबलच्या सगळ्यात जवळ जाणारी ही पद्धत, आणि कवच फार सुंदर येतं. भांडं उचलताना दोन्ही हातांत जाड फडकी हवीत.

१०. गार करणं

कुरकुरीत कवच आवडत असेल तर जाळीवर उघडा ठेवा. मऊ हवा असेल तर गरम असतानाच सुती पंच्यात गुंडाळा, वाफेने कवच नरम पडतं. आयर्लंडच्या घरांत पंच्यातला ब्रेड जास्त दिसतो. लहान मुलांसाठी आणि दातांच्या तक्रारी असणाऱ्यांसाठी हाच बरा.

निदान अर्धा तास कापू नका. गरम ब्रेड कापला की आतला भाग सुरीला चिकटतो आणि कच्चा वाटतो, मग लोक तो विनाकारण पुन्हा भाजतात.

तपकिरी ब्रेड

आयर्लंडमध्ये रोजच्या जेवणात खरं तर हाच जास्त असतो. सूपबरोबर मिळतो तोही बहुतेक हाच. वरच्या कृतीत ४५० ग्रॅम मैद्याऐवजी २२५ ग्रॅम जाडसर होलमील आणि २२५ ग्रॅम प्लेन फ्लोअर घ्या. ताक थोडं जास्त लागतं, ४०० ते ४५० मिलिलिटर. हवे असतील तर मूठभर ओट्स.

भारतात २०० ग्रॅम कणीक, २२५ ग्रॅम मैदा आणि २५ ग्रॅम गव्हाचा कोंडा असं मिश्रण करा. पोळ्यांची कणीक चाळून वर उरलेला कोंडा जमवून ठेवला असेल तर तोच घ्या. गिरणीतून एक किलो गहू मुद्दाम जाडसर दळून आणता आला तर त्याहून उत्तम, मग कोंडा वेगळा घालायला नको. कणीक असल्यामुळे इथे हात आणखी हलका ठेवा.

ओव्हनच नसेल तर: तव्यावरचे फार्ल

उत्तर आयर्लंडमध्ये हेच पीठ तव्यावर भाजतात. त्याला फार्ल म्हणतात. बेलफास्टकडे सकाळच्या न्याहारीत अंडी, बेकन, सॉसेज आणि बटाट्याच्या ब्रेडबरोबर तळलेला फार्ल असतोच. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मी म्हणेन, कारण तवा आपल्या हाताखालचा असतो.

मैदा २५० ग्रॅम, सोडा अर्धा चहाचा चमचा, मीठ अर्धा चमचा, ताक २०० ते २२० मिलिलिटर. सहावी आणि सातवी पायरी जशीच्या तशी. गोळा दीड सेंटिमीटर जाडीचा गोल थापून सुरीने चार सारखे भाग करा. लाटणं वापरू नका.

जाड लोखंडी किंवा बिडाचा तवा मंद ते मध्यम आचेवर नीट तापवा. तेल लावायचं नाही. चिमूटभर मैदा टाकून बघा. तो सावकाश बदामी झाला तर तवा तयार, लगेच काळा पडला तर आच कमी करून थांबा. चारही भाग मैदा भुरभुरवून तव्यावर ठेवा, मध्ये थोडी जागा सोडा. एका बाजूला सहा ते आठ मिनिटं, मग पलटून तितकाच वेळ. पोळीसारखा सारखा पलटायचा नाही, एकदाच. शेवटी प्रत्येक तुकडा कापलेल्या कडांवर उभा करून मिनिटभर भाजा, नाहीतर कडा ओल्या राहतात. उतरवून लगेच पंच्यात गुंडाळा. आडवा चिरून आत लोणी घातलं की दुसरं काही लागत नाही.

बिघडला तर काय बघायचं?

*घट्ट आणि बसका:* जवळजवळ नेहमी जास्त हाताळल्यामुळे. नाहीतर ओव्हन तापायच्या आधी पीठ कालवलं, किंवा सोडा जुना.

*पिवळट, साबणी चव:* सोडा जास्त झाला किंवा ताक पातळ. सोडा वाढवला की ब्रेड जास्त फुगेल हा समज सोडून द्या.

*आतून चिकट:* कमी भाजला, जास्त उंच ठेवला किंवा गरम असताना कापला.

*कोरडा, भुगा होणारा:* ताक कमी पडलं. पुढच्या वेळी पीठ हाताला चिकटेल इतकं ओलं ठेवा.

साखर, अंडी, बेदाणे?

अमेरिकेत १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक डेला जो सोडा ब्रेड मिळतो त्यात साखर, लोणी, अंडी, बेदाणे, कधी शहाजिरंही असतं. खायला छान लागतो, पण आयर्लंडमधला रोजचा ब्रेड चार वस्तूंचाच. बेदाणे घातलेला प्रकार इथेही आहे, त्याला ‘स्पॉटेड डॉग’ किंवा ‘रेल्वे केक’ म्हणतात. तो करायचा असेल तर वरच्या मूळ प्रमाणात मूठ-दीड मूठ बेदाणे आणि एक मोठा चमचा साखर कोरड्या पिठात मिसळा. पण आधी दोन-तीनदा साधा ब्रेड करा. हाताला पिठाचा अंदाज आला की बाकीचे प्रकार सहज जमतात.

कशाबरोबर खायचा आणि कसा ठेवायचा

खारं लोणी जाड थरात, ही आयर्लंडची पद्धत, आणि कडक चहा. बटाटा आणि लीकचं (कांद्याच्या पातीसारखी भाजी) सूप असेल तर तपकिरी ब्रेड घ्या. पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेकडे कालवांबरोबर हाच तपकिरी ब्रेड येतो, मासे खाणाऱ्यांनी तो चुकवू नये. आमच्याकडे घरच्या पांढऱ्या लोण्याबरोबर लसणाची कोरडी चटणी असते आणि ही जोडी फार जमते, कारण ब्रेडची हलकी आंबटी चटणीचा तिखटपणा छान पेलते.

हा ब्रेड त्याच दिवशी सगळ्यात चांगला. यीस्टच्या ब्रेडपेक्षा तो लवकर कोरडा होतो. दुसऱ्या दिवशी काप टोस्ट करा, तपकिरी ब्रेडचा टोस्ट तर ताज्याहूनही खमंग लागतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवसापलीकडे बाहेर ठेवू नका, बुरशी धरते. पूर्ण गार झाल्यावर काप करून डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवले तर महिनाभर चांगले राहतात. तिथून थेट टोस्टरमध्ये किंवा मंद आचेच्या तव्यावर टाकायचे, आधी बाहेर काढून ठेवायला नको. आणि बटरमिल्कच्या खोक्यात उरलेलं २०० मिलिलिटर फेकू नका, त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी चार फार्ल होतात.